दोनशे मीटर खोल चालणारं घड्याळ

३ जानेवारी

मामा,

नमस्कार करते, पण वाकून नाही. काल आईला उचलताना कंबरेत चमक भरली, ती अजून जायचं नाव घेत नाही.

फोन तुमच्या कानांना चालत नाही आणि मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून कागद. मलाही तेच बरं. आईला बोलता येत नाही, उजवं अंग हलत नाही, पण कान इतके तिखट आहेत की शेजारच्यांचं भांडण त्यांच्या आधी हिला कळतं. या घरात गुपित बोलायची सोय नाही.

काम सांगते, हसू नका. मला घड्याळ घ्यायचंय. पाणबुड्यांचं.

धरणाचे दरवाजे, पुलाचे खांब पाण्याखाली जाऊन तपासणारे लोक असतात ना, त्यांना शिकवणारी एक संस्था आहे. अकरा आठवडे तिथेच राहायचं, नंतर काम पक्कं. मी चाचणी देऊन आले. सतराजणांत मी एकटी बाई, आणि मामा, त्यांनी मला घेतलं! तुकडी एक मार्चला सुरू होते. बरोबर आणायच्या सामानाच्या यादीत लिहिलंय, ‘दोनशे मीटरपर्यंत चालणारं, फिरत्या कड्याचं मनगटी घड्याळ.’

माझ्याकडे शिवणकामाचे साठवलेले सहा हजार आहेत. त्यात पट्ट्यासकट सगळं बसायला हवं. आणि दिसायला जुनं हवं. तुमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने कधीच परत न नेलेलं काळं घड्याळ होतं, जाड फुगीर काचेचं, त्याच्यासारखं. त्याच्यासमोर बसून मी तुमचे स्क्रू लपवायचे आणि तुम्ही मला खारूताई म्हणायचात. एक कात्रण सोबत जोडलंय, ते बघा.

दादाशी बोलणं झालंय. अकरा आठवडे तो आईला नेईल. आईला मात्र अजून काही सांगितलेलं नाही, तुम्हीही दादापाशी विषय काढू नका.

आईला झटका येऊन चार वर्षं झाली. खालच्या काकू आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं आईपाशी बसतात, तेवढ्यात मी तलावावर पोहून येते. बाकी सगळा वेळ या दोन खोल्या. माझं आईवर प्रेम आहे, पण मला इथून निघायचंय. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं.

तुमची खारूताई


९ जानेवारी

खारूताई,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे बोलणी आहेत.

हे कात्रणातलं घड्याळ तू कुठल्या शहाण्याला विचारून निवडलंस? तबकडीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘तीस मीटर’ लिहिलंय, भिंग लावून वाचलं मी. तुला वाटेल, वा, दहा मजले खाली जाता येईल. डोंबल! तीस मीटर म्हणजे हात धुताना शिंतोडे उडाले तर ते रडणार नाही, एवढंच. पन्नास म्हणजे आंघोळ. शंभर म्हणजे तुझा तलाव. खाली उतरून काम करायचं तर दोनशे, त्याच्या आत बात नाही. वेळ लावायची किल्ली आट्यांची हवी, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून घट्ट बसणारी. नुसती दाबून बसणारी असेल तर पुढे वाचूच नकोस.

ठिपके त्यांनी मुद्दाम पिवळट रंगवलेत, जसं काही पन्नास वर्षं उन्हात तापलंय. कालच्या पोराला खोट्या मिशा लावून आजोबांच्या खुर्चीत बसवल्यासारखं दिसतं. पण तुला आवडतं ना, मग राहू दे मिशा. खरं जुनं मात्र घ्यायचं नाही. जुन्याचं आतलं रबर वाळून गेलेलं असतं. ते काळं घड्याळ मी स्वतः पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवत नाही.

कडं एकाच बाजूला फिरणारं बघ. उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर लावायची, म्हणजे खाली किती मिनिटं झाली ते कळतं. समज, दगडाला घासून ते सरकलंच, तरी झालेली मिनिटं जास्त दाखवील, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. ज्याने हे शोधून काढलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं मला.

आता एक विचारतो, रागावू नकोस. सेलवालं हवं की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिकला हाताच्या हालचालीने चावी मिळते. दिवसभर एका खोलीत असणाऱ्या माणसाच्या हातावर ते अर्धपोटी राहतं.

दोऱ्याने मनगटाचं माप घे आणि दोराच पाठव. तुम्ही लोक आकडे चुकीचे लिहिता.

दादा तयार झाला म्हणतेस? त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बरं वाटलं.

मामा


१६ जानेवारी

मामा,

अर्धपोटी? ऐका. आईला दिवसातून आठ वेळा कुशीवर वळवते. चारदा उठवून बसवते, दोनदा खुर्चीत, एकदा खुर्चीतून न्हाणीत. वजन अठ्ठावन्न किलो. मध्ये चादरी, कपडे, आणि मशीनवर लोकांची कुंची-झबली. तुमचं ऑटोमॅटिक माझ्या हातावर अजीर्णाने मरेल!

दोरा पाठवलाय. आता तीन घड्याळं. पहिल्याची रुंदी बेचाळीस मिलिमीटर, काच कशानेही न ओरखडणारी, पण सात हजार दोनशे. दुसरं सेलवालं, तीन हजार, काळं, दोनशे मीटर. तिसरं अडतीस मिलिमीटर, ऑटोमॅटिक, आट्यांची किल्ली, दोनशे मीटर, पाच हजार चारशे. काच फुगीर आहे, तशीच. मी कोणतं म्हणेन ते तुम्हाला कळलंच असेल, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

इथलं विचारू नका. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, त्या भिंतीवर सात पाइप आहेत, तिसरा गळतो. एवढीच करमणूक. चपला घालायला दाराकडे गेले की आई डाव्या हाताने माझी बाही धरते. पोहायला जायचं असतं, चाळीसातली पाच मिनिटं बाही सोडवण्यात जातात. तिला वाटत असेल मी परत येणार नाही. आता तर तिच्याकडे बघायचीही लाज वाटते मला.

लवकर लिहा.

खारूताई


२४ जानेवारी

खारूताई,

पावणेसहा इंच मनगट! त्यावर बेचाळीसचं म्हणजे ताटली बांधल्यासारखं. शिवाय बजेटच्या बाहेर, तेव्हा त्याचा नाद सोड. सेलवालं वाईट नाही, उलट वेळ जास्त बरोबर दाखवील. पण सेल बदलायला दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी ते उघडणार, आणि तो कुणीतरी मी नसणार. तिसरं घे. काच ओरखडेल, पण पॉलिश करता येते. उरलेल्या सहाशेत नायलॉनचा पट्टा घे. लोखंडी पट्ट्याच्या कड्या तुझ्या हाताला निम्म्या काढाव्या लागतील.

पार्सल माझ्या पत्त्यावर मागव. कारखान्यातून नवंकोरं आलंय म्हणून मी कुणावर विश्वास ठेवत नाही. मागचं झाकण उघडून रबर पाहिल्याशिवाय माझ्या हातून आजवर एकही घड्याळ गेलेलं नाही, आणि तुझं तर पाण्यात जाणार. कान गेले म्हणून काळजी करू नकोस. लाकडी काडी दातात धरतो, दुसरं टोक घड्याळाला टेकवतो. टिकटिक दातांत येते. गिऱ्हाइकं बघून पळतात, पण चूक सापडते.

मामा


५ फेब्रुवारी

खारूताई,

आलं. फार देखणं आहे. कडं फिरवलं की बोटांना एकशे वीस खाचा मोजता येतात. काल दिव्याखाली धरून मग कपाटात डोकं घालून पाहिलं, ठिपके हिरवे चमकतात. या वयात कपाटात डोकं घालून बसलेला माणूस कुणी पाहिला असता तर दवाखान्यात नेलं असतं.

झाकण उघडलं. रबराची कडी मला पसंत नाही, एका जागी किंचित दबलेली वाटते. दुसरी मागवलीय. आठ दिवस लागतील.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

पत्र तीनदा वाचलं. एकशे वीस खाचा! मला ते हातात घ्यायचंय.

मला अठ्ठावीसला हजर व्हायचंय. निळी बॅग पलंगाखाली भरून ठेवलीय, आईच्या औषधांच्या खोक्यामागे. रोज एक वस्तू टाकते, म्हणजे कपाट रिकामं झालेलं आईच्या लक्षात येणार नाही. चोरासारखं वाटतं. काल टॉवेल टाकला.

रबर बसलं की लगेच पाठवा हं.

खारूताई


१७ फेब्रुवारी

खारूताई,

रबर बसवलं. पण घड्याळ दिवसाला चौदा सेकंद पुढे जातंय. दुरुस्त करायला घेतलंय. उभं, आडवं, पालथं, प्रत्येक बाजूने एकेक दिवस ठेवून बघावं लागतं. घाई करून चालणार नाही.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

चौदा सेकंद? मी चार वर्षं मागे पडलेय, चौदा सेकंद पुढे गेले तर काय बिघडणार आहे? पाया पडते, आहे तसं पाठवा. पार्सलला चार दिवस लागतात. आजच्या आज पाठवा.

खारूताई


४ मार्च

मामा,

घड्याळ आलं नाही. पत्रही नाही. तुकडी एक तारखेला सुरू झाली.

बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले. आई बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे, दिवसभर जेवली नाही.

तुम्ही बरे आहात ना? तुम्ही दिलेला शब्द कधी मोडत नाही, त्यामुळे मला नाही नाही ते सुचतंय. दोन ओळी तरी लिहा.

खारूताई


१० मार्च

खारूताई,

मी ठणठणीत आहे. आजारी असतो तर बरं झालं असतं, तोंड दाखवायला जागा तरी असती.

घड्याळ पहिल्याच दिवशी तयार होतं. रबर उत्तम होतं. चौदा सेकंदही खोटे. दिवसाला चार सेकंद, एवढी अचूक वस्तू या किमतीत मी पाहिली नाही. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी असं खोटं बोललो नव्हतो. तुझ्याशी बोललो.

पार्सल आलं त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या दादाचं पत्र आलं. त्याने लिहिलं, आईला नेणार नाही असं मी तिला स्वच्छ सांगितलंय, तरी ती जायला निघालीय. गेलीच तर आईला तुमच्याकडे आणून सोडतो, तुमची बहीण आहे.

मला भीती वाटली गं. एक्काहत्तर वर्षांचा बहिरा म्हातारा, दुकानामागची एक खोली. पण खरं कारण ते नाही, आता लपवून काय करू. झटका आल्यावर मी एकदाच आलो होतो, आठवतं? तिने मला ओळखलं आणि तोंड वाकडं करून रडली. माझी धाकटी बहीण, दोरीवरच्या उड्यांत जिने मला कधी जिंकू दिलं नाही. मी तासाभरात पळालो. तुला म्हटलं दुकान उघडायचंय. तेव्हापासून चार वर्षं दुकानच उघडतोय.

तू आत राहिलीस म्हणून मी बाहेर होतो. हे मला माहीत होतं. म्हणून घड्याळ कपाटात ठेवलं. एक मार्च उलटून गेली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि मग दोन दिवस घास गिळवेना.

शिव्या दे. घड्याळ सोबत पाठवायला हवं होतं, पण आता कोणत्या तोंडाने पाठवू?

मामा


१८ मार्च

मामा,

पत्र वाचून न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले. नळ आईसाठी, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. इतका राग आला की तुमचं नाव कागदावर लिहवत नव्हतं. तीन दिवस लिहिलं नाही ते त्यामुळे.

चौथ्या दिवशी संस्थेची यादी बाहेर काढली. त्यात घड्याळाच्या ओळीच्या पुढे आणखी एक ओळ आहे, ‘नसल्यास संस्थेकडून वापरायला मिळेल.’ मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. तुम्हाला लिहिली नाही.

दादाचंही तसंच. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो ‘बघू’ म्हणाला होता, मी ‘हो’ लिहिलं. नंतर त्याने नाही म्हटलं, ते मी गाळलं.

मला घड्याळाशिवाय जाता येत होतं मामा. अठ्ठावीसला सकाळी बॅग भरलेली होती, गाडी दहाची होती. मी दारात पार्सलवाल्याची वाट बघत बसले. दहा वाजले, सव्वादहा वाजले, आणि मला हायसं वाटलं. तुमच्यासारखंच. घड्याळ आलं नाही, म्हणून जाता आलं नाही, हे सांगायला किती सोपं! मला निघायचं होतं आणि कुणीतरी अडवायलाही हवं होतं. तुम्ही अडवलंत. म्हणून तुम्हाला शिव्या देताना माझीच जीभ अडखळते.

आता नवं सांगते. एक जूनच्या तुकडीत नाव दिलंय. या वेळी आईला आधीच सांगितलं. तिच्या पलंगावर बसून, तिचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं. तिने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस झाले, माझ्याकडे बघत नाही. मी मेल्याहून मेल्यासारखी फिरतेय, पण नाव मागे घेणार नाही.

तुमच्या खोलीला जिना आहे, आई तिथे येऊ शकत नाही. तुम्ही इकडे या. तिकीट सोबत आहे, अठ्ठावीस मेचं. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, आधी गुडघा दुमडून मग खांदा, खांद्याला ओढायचं नाही. गोळ्या चुरून दह्यात. पाणी चमच्याने, मान थोडी खाली घेऊन, नाहीतर ठसका लागतो. चादरीला घडी राहता कामा नये. ती रागावली की ओठ मिटते, तेव्हा पाच मिनिटं निघून जायचं. दुपारी खालच्या काकू मदतीला येतील.

तुम्ही आला नाहीत तर काय करायचं, मला माहीत नाही. दुसरी सोय मी मुद्दाम केलेली नाही. केली असती तर तुम्ही आला नसतात.

तुमची खारूताई


९ जून

खारूताई,

तू गेलीस त्याला आज दहावा दिवस. मी येताना आणलेलं घड्याळ पाण्यात चाललं का ते आधी लिही. आत वाफ धरली तर लगेच काढून ठेव.

तुझी आई बरी आहे. मी बरा नाही. मला वाटलं होतं आठवड्याभरात सराव होईल. कसला सराव! पहिल्या दिवशी दह्यात गोळी चुरली, तिने ती माझ्या अंगावर थुंकली. तिची हाक मला ऐकू येत नाही, म्हणून सारखं तिच्याकडे तोंड करून बसावं लागतं. पाठ केली आणि तिला काही झालं तर? पेपर वाचत नाही, खिडकीपाशी जात नाही. तुझे सात पाइपसुद्धा माझ्या नशिबात नाहीत. न्हाणीत गेलो तर दार उघडं ठेवून. सकाळी सहाला वाटतं दुपार झाली असेल. घड्याळजी माणूस मी, आणि या खोलीत वेळ पुढे सरकत नाही. तू हे चार वर्षं केलंस. मी वर्षातून दोनदा पत्र टाकून ‘काळजी घे’ लिहायचो. तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

काल ती पहिल्यांदा हसली. मी तिला उचलायला गेलो आणि दोघेही पलंगावर पडलो. चढणारही नाही, उतरणारही नाही, अशी आमची अवस्था. काकू येईपर्यंत तसेच बहीण-भाऊ शेजारी शेजारी छताकडे बघत पडून होतो. मी रडत होतो. ती हसत होती.

वर दोन ओळी खोडलेल्या दिसतील. त्या मी खोडलेल्या नाहीत. तिथे मी लिहिलं होतं की मला हे झेपत नाही, तू परत ये. लिहून झाल्यावर पत्र तिला वाचून दाखवलं, लपवाछपवी आता पुरे म्हणून. तिने डाव्या हाताने पेन मागितलं. मला वाटलं, आशीर्वाद म्हणून काहीतरी रेघ ओढायची असेल. तिने कागद छातीवर धरायला लावला आणि त्या दोन ओळींवर पेन फिरवायला लागली. एकदा, दोनदा, दहादा. अक्षर दिसेनासं झालं तरी थांबेना, कागद फाटला तेव्हा थांबली. मी म्हटलं, ‘अगं, तिला बोलवू नको का?’ तिने मान हलवली. नाही. मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हलवली, बहिऱ्याला कळावं म्हणून सावकाश.

तेव्हा बोलवत नाही. सहा वाजलेत, तिला वळवायचंय. आधी गुडघा, मग खांदा.

मामा